बँड फुटतात ते केवळ श्रोत्यांअभावी नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पुण्यातल्या तरुण रॉक बँडविषयीचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये किंवा फिरोदिया करंडकाच्या तालमीत जुळलेली चार-पाच जणांची मंडळी पुढे दोन-तीन वर्षांत का पांगतात, हा लेखातला प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र अर्धेच दिले आहे. पुण्यात या संगीताला श्रोता नाही आणि पैसा मुंबईत आहे, एवढे सांगून लेख थांबतो. हे पत्र लिहिणाऱ्यांत वाजवणारे आहेत, ध्वनिमुद्रण करणारे आहेत आणि कार्यक्रमांची ध्वनिव्यवस्था सांभाळणारेही आहेत. श्रोते कमी आहेत हे आम्हाला मान्य आहे. पण गाणे कोणाच्या नावावर, पैसे कसे वाटायचे आणि शेवटचा शब्द कोणाचा, या तीन गोष्टी पहिल्याच महिन्यात ठरल्या नाहीत, तर श्रोते मिळाल्यावर बँड उलट लवकर फुटतो. अमेरिकेतल्या आर.ई.एम. या बँडची कारकीर्द पाहिली की हे स्वच्छ कळते, म्हणून ती जरा तपशिलात मांडतो.

त्याआधी लेखातली एक चूक दाखवणे गरजेचे आहे. अल्टरनेटिव्ह रॉकचा, म्हणजे बाजारातल्या मुख्य प्रवाहाबाहेर वाढलेल्या रॉक संगीताचा, आरंभ लेखात १९९१ साली सिअ‍ॅटलमध्ये, 'निर्वाणा' या बँडच्या गाजलेल्या अल्बमपासून धरला आहे. त्या वर्षी हे संगीत घराघरांत पोचले हे खरे. पण त्याआधीची दहा वर्षे ते विद्यापीठांच्या रेडिओ केंद्रांवर, छोट्या क्लबांत आणि व्हॅनमधून केलेल्या दौऱ्यांवर वाढत होते. या दहा वर्षांत सर्वांत दूर गेलेला बँड म्हणजे आर.ई.एम. ही वर्षे गाळली, तर असे संगीत एका रात्रीत मोठे होते असा समज होतो. आपल्याकडची मुले नेमकी याच समजुतीपायी वर्षभरात खचतात.

बँड जमला तो जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स या विद्यापीठाच्या गावी. त्या वेळी गावाची वस्ती लाखाच्या आत होती. मायकेल स्टाइप गायक, पीटर बक गिटारवर, माइक मिल्स बासवर आणि बिल बेरी ड्रमवर. पहिला कार्यक्रम ५ एप्रिल १९८० रोजी, वापरात नसलेल्या एका जुन्या चर्चमध्ये, एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला झाला. अटलांटा हे मोठे शहर तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, म्हणजे पुण्याहून मुंबई आहे त्याहूनही जवळ. तरीही मंडळी अटलांटाला गेली नाहीत आणि न्यूयॉर्कलाही नाहीत. अथेन्समध्ये भाडे कमी होते, तालमीला जागा मिळत होती आणि बी-फिफ्टीटूज, पायलॉन असे बँड आधीच तिथून निघालेले असल्यामुळे नवे काही ऐकायची गावाला सवय होती. मुंबईला गेल्याशिवाय काही होत नाही असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. सुरुवातीच्या बँडला प्रसिद्धीआधी तालमीचे तास लागतात, आणि हे तास स्वस्त भाड्याच्या गावातच परवडतात.

पहिली दीड-दोन वर्षे त्यांनी अमेरिकेच्या दक्षिण भागात एका जुन्या निळ्या व्हॅनमधून फिरून कार्यक्रम केले. व्हॅन चालवायला त्यांचा मॅनेजर जेफरसन होल्ट असे आणि जेवणखाण्यासाठी प्रत्येकाला दिवसाला २ डॉलर मिळत. आकडा नुसता मौजेचा नाही. सगळ्यांना सारखे पैसे आणि तेही रोजच्या रोज, ही पद्धत तिथूनच पडली.

पहिली तबकडी १९८१ची. नॉर्थ कॅरोलायनात विन्स्टन-सेलम इथे मिच ईस्टरने आईवडिलांच्या घराच्या गॅरेजमध्ये थाटलेल्या स्टुडिओत ती मुद्रित झाली आणि हिब-टोन नावाच्या अगदी लहान कंपनीने काढली. पहिल्या खेपेला १,००० प्रती निघाल्या. त्यातल्या ६०० विकायला न ठेवता रेडिओ केंद्रे आणि समीक्षक अशा ठिकाणी फुकट पाठवल्या. निम्म्याहून अधिक माल वाटून टाकणे वेडेपणाचे वाटेल, पण अनोळखी बँडचा खरा खर्च इथेच व्हायला हवा. उरलेल्या प्रती पटकन संपल्या आणि आणखी ६,००० काढाव्या लागल्या. या पहिल्या खेपेत एक ढोबळ चूक होती: तबकडीवर कंपनीचा पत्ताच छापायचा राहिला होता. प्रत हवी असलेल्या दुकानदाराने मागणी कोणाकडे नोंदवायची? आज तबकडी नाही, पण चूक तीच होते. गाणे इंटरनेटवर चढवले जाते, मात्र गीतकार, संगीतकार, ध्वनिमुद्रक यांची नावे आणि संपर्काचा ईमेल भरलेला नसतो. रेडिओवाल्याला किंवा महोत्सवाच्या आयोजकाला गाणे आवडले तरी तो कोणाला गाठणार?

पुढच्याच वर्षी त्यांनी करार केला. आर.सी.ए.सारखी बडी कंपनी त्यांच्यात रस घेत होती, तरी त्यांनी आय.आर.एस. ही छोटी कंपनी निवडली. १९८३चा 'मर्मर' हा पहिला पूर्ण अल्बम होता आणि त्याच्या जन्माची हकीकत प्रत्येक नव्या बँडने वाचावी अशी आहे. कंपनीने आधी स्टीव्हन हेग या निर्मात्याला त्यांच्यासोबत बसवले. त्याचा भर तांत्रिक बिनचूकपणावर होता. एकच गाणे पुन:पुन्हा वाजवून घेतले, ड्रमरच्या कानात क्लिक लावली आणि वर बँडला न विचारता कीबोर्ड चढवला. बँडने हे सहन केले नाही. कंपनीकडे आग्रह धरून त्यांनी मिच ईस्टरला परत आणले, त्याच्या जोडीला डॉन डिक्सन आला आणि शार्लटच्या रिफ्लेक्शन स्टुडिओत आपल्या पद्धतीने अल्बम केला. त्या वर्षी मायकेल जॅक्सनचा 'थ्रिलर' जोरात होता, तरीही 'रोलिंग स्टोन'च्या समीक्षकांनी वर्षातला उत्तम अल्बम म्हणून 'मर्मर'ची निवड केली.

क्लिकबद्दल थोडे सविस्तर, कारण पुण्यातल्या स्टुडिओंमध्ये हा रोजचा वाद आहे. क्लिक म्हणजे ड्रमरच्या कानात ठराविक लयीने वाजणारी टिकटिक. तिच्यामुळे नंतर तुकडे जोडणे सोपे जाते आणि वेगवेगळ्या दिवशी वाजवलेली वाद्ये एकमेकांवर बसतात. पण ज्या बँडमध्ये बास आणि ड्रम एकमेकांकडे बघून लय धरतात, ध्रुपदाला किंचित पुढे सरकतात आणि कडव्याला मागे येतात, त्यांच्या गाण्यातला जीव ती काढून घेते. ड्रमर बासकडे कान द्यायचा सोडून टिकटिकीशी झुंजत राहतो. यावर उपाय असा: क्लिकवर यायचे असेल तर निदान महिनाभर आधी तालमीतच क्लिक लावा, ती फक्त ड्रमरला द्या आणि कडवे व ध्रुपद यांच्या गतीत मिनिटाला दोन-तीन ठोक्यांचा फरक आधीच भरून ठेवा. हे जमत नसेल तर चौघांनी एका खोलीत बसून एकदम वाजवावे आणि गळा तेवढा नंतर घ्यावा. स्टुडिओचे तास संपत आले म्हणून घाईघाईने क्लिक लावायची, हा सर्वांत वाईट मार्ग.

आता पीटर बकच्या गिटारविषयी. रिकनबॅकर ३६० या गिटारवर तो सगळ्या तारा एकदम न छेडता एकेक तार सुटी वाजवी, मोकळ्या तारा घुमत ठेवी आणि लांबलचक एकल वादनाच्या वाटेला सहसा जात नसे. त्यामुळे माइक मिल्सच्या बासला चाल रचायला जागा मिळाली. मिल्सचा बास नुसता आधारस्वर धरून बसत नाही, तो गाण्याची दुसरी चाल गातो. आपल्याकडच्या बऱ्याच बँडमध्ये दोन गिटारी असतात, दोन्हींवर डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका करणारा परिणाम) असते आणि दोघेही तेच कॉर्ड, म्हणजे तोच स्वरसमूह, त्याच जागी वाजवतात. परिणामी साधारण २०० ते ५०० हर्ट्झच्या पट्ट्यात सगळा आवाज साचतो, बास ऐकू येत नाही आणि गायक ओरडू लागतो. मग ध्वनियंत्रणावर बसलेल्याला बोल लावले जातात. दोष वाद्यरचनेत असतो. एका गिटारने मानेच्या खालच्या भागात वाजवावे, दुसरीने वर, बाराव्या पट्टीकडे. दोन्हींचा १०० हर्ट्झखालचा भाग कापावा. डिस्टॉर्शन घरी ठेवतो त्याच्या निम्म्यावर आणावे. छोट्या सभागृहात ड्रमचा आवाज कमी करता येत नाही, म्हणून मिश्रण ड्रमपासून सुरू करावे. ड्रमशी बरोबरी करेल एवढाच बास, बासशी करेल एवढीच गिटार. गळ्यासाठी मग आपोआप जागा राहते आणि मॉनिटरची, म्हणजे मंचावर वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरची, शिट्टीही वाजत नाही.

गळ्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो, आर.ई.एम.च्या पहिल्या अल्बमांत स्टाइपचे शब्द मुद्दाम पुसट ठेवलेले असत. १९८६च्या 'लाइफ्स रिच पेजंट'मध्ये निर्माता डॉन गेहमन याने स्टाइपला शब्द स्वच्छ म्हणायला लावले आणि अमेरिकेत पाच लाखांचा टप्पा ओलांडणारा हा त्यांचा पहिला अल्बम ठरला. पुढच्याच वर्षीचा, स्कॉट लिट याच्यासोबत केलेला 'डॉक्युमेंट' दहा लाखांवर गेला. म्हणजे पहिल्या कार्यक्रमापासून पहिल्या मोठ्या यशापर्यंत सात वर्षे आणि पाच अल्बम लागले. या सात वर्षांत बँडमधला एकही माणूस बदलला नाही. आमच्या मते त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि तिचे कारण संगीताबाहेर सापडते.

कारण असे. आर.ई.एम.च्या गाण्यांवर बेरी, बक, मिल्स, स्टाइप अशी चौघांची नावे वर्णक्रमाने येत आणि गीतकार-संगीतकार म्हणून मिळणारे पैसे चौघांत सारखे वाटले जात. चाल कोणाला सुचली, शब्द कोणी लिहिले, याचा वाटणीशी संबंध नव्हता. दुसरे म्हणजे, कोणताही मोठा निर्णय चौघांचा होकार असल्याशिवाय होत नसे. एकाने नाही म्हटले की विषय संपला.

लिहिणाऱ्यावर हा अन्याय नाही का, असे कोणीही विचारेल. रास्त शंका आहे. तिचे उत्तर १९९२च्या 'ऑटोमॅटिक फॉर द पीपल' या अल्बममधल्या 'एव्हरीबडी हर्ट्स' या गाण्यात आहे. ते मुख्यत्वे सुचले ते ड्रमर बिल बेरीला. आणि मुद्रणात ठेका धरला आहे तो युनिव्हॉक्सच्या साध्या ड्रम मशीनने. ज्याला गाणे सुचले त्यानेच आपले वाद्य बाजूला ठेवले, कारण गाण्याला तेच शोभत होते. ज्या बँडमध्ये ड्रमरला वाजवल्याचेच तेवढे पैसे मिळतात, त्यात ड्रमर गाणे लिहीत नाही, आणि लिहिले तरी स्वत:चे वाद्य काढून घेऊ देत नाही. सारखी वाटणी केवळ भलाईपोटी करायची नसते. गाण्याला काय हवे एवढाच प्रश्न खोलीत शिल्लक राहावा, यासाठी ती करायची असते.

दुसरे उदाहरण १९९१च्या 'लूझिंग माय रिलिजन'चे. १९८८मध्ये वॉर्नर ब्रदर्सशी करार झाला, पुढे १९८९चा जवळजवळ वर्षभराचा दौरा झाला आणि मंडळी थकली. तेव्हा त्यांनी वाद्यांची अदलाबदल सुरू केली. बेरी बास वाजवू लागला, मिल्स कीबोर्डवर गेला आणि बकने नवे मेंडोलिन घेतले. मेंडोलिनला तारांच्या चार जोड्या असतात आणि त्या व्हायोलिनप्रमाणे षड्ज-पंचमाच्या अंतराने लावतात. गिटारीवर बसलेली बोटांची वळणे तिथे चालत नाहीत, हात चाचपडतो आणि त्या चाचपडण्यात नवे काही सापडते. बक टीव्हीसमोर बसून सराव करत होता आणि रेकॉर्डर चालू होता. दुसऱ्या दिवशी मुद्रण ऐकताना त्या सरावात त्याला ही चाल सापडली. नेहमीच्या अर्थाने ध्रुपद नसलेले, मेंडोलिनवर चालणारे हे गाणे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेले. त्याचा व्हिडिओ जालंधरमध्ये जन्मलेल्या तरसेम सिंग यांनी दिग्दर्शित केला आणि त्याला ग्रॅमी मिळाले. हे गाणे असलेल्या अल्बमसाठी त्यांनी दौरा केला नाही, तरी तो अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला.

पुण्यातल्या बँडना यातून उचलण्याजोगे काय? तालमीचा शेवटचा अर्धा तास वाद्ये बदलून वाजवा आणि मोबाइलवर मुद्रण चालू ठेवा. त्याच रात्री फाइलला तारीख आणि हजर असलेल्यांची नावे द्या. यातून चाली सापडतातच. शिवाय पुढे कधी वाद झाला तर गाणे केव्हा आणि कोणाकोणात तयार झाले याचा हा पुरावा ठरतो.

वाद झाल्यावर कायदा काय म्हणतो हेही माहीत हवे. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात गीताचे शब्द, संगीतरचना आणि ध्वनिमुद्रण या तीन वेगळ्या मालमत्ता आहेत. शब्द वाङ्मयात मोडतात, संगीतरचनेत ते धरले जात नाहीत आणि मुद्रणाचा हक्क मुद्रणाच्या निर्मात्याकडे जातो. म्हणून 'गाणे बँडचे' एवढे तोंडी ठरून चालत नाही. तिन्हींपुढे नावे आणि टक्केवारी लिहावी लागते. नोंदणी सक्तीची नाही, गाणे निर्माण होताच हक्क निर्माण होतो. कंपनीला हक्क देताना मात्र करार लेखीच हवा. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची समजली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो, आणि वेगळे काही ठरलेले नसताना कंपनीने वर्षभर हक्क वापरलेच नाहीत तर ते परत येतात. २०१२च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीला मोठे संरक्षण दिले. अनेक मुले 'सर्व हक्क, कायमचे, जगभर' या ओळीखाली न वाचता सही करतात. सही करण्याआधी वकिलाला एक तासाची फी द्यावी. आर.ई.एम.च्या पाठीशी बर्टिस डाउन्स हा वकील अगदी आरंभीच्या काळापासून होता, आणि १९९६मध्ये मॅनेजर होल्ट बँड सोडून गेल्यावर कारभारही त्यानेच पाहिला.

पैशाची वाटणी कशी करावी याचे एक सोपे उदाहरण देतो. समजा कार्यक्रमाचे २०,००० रुपये आले. टेम्पोचे २,५००, ध्वनिव्यवस्थापकाचे ३,०००, तालमीच्या खोलीचे २,००० आधी वजा करा. उरले १२,५००. त्यातला पाचवा हिस्सा, २,५०० रुपये, बँडच्या खात्यात टाका. तारा, ड्रमची कातडी, पुढच्या मुद्रणाचा खर्च यातून चालतो. राहिलेले १०,००० चौघांत अडीच-अडीच हजार, आणि तेही त्याच रात्री. गिटारवाल्याने स्वत:चा महागडा अ‍ॅम्प आणला म्हणून त्याला जास्त द्यायचे असेल, तर ते भाडे म्हणून वरच्या खर्चात दाखवा, वाटणीत नको. खर्च आणि वाटा यांची सरमिसळ झाली की मने बिघडायला सुरुवात होते. बँडचे खाते एका सभासदाच्या नावावर न ठेवता साधा भागीदारी करारनामा करून भागीदारीच्या नावाने काढावे.

एकाच्या नकाराने विषय संपतो या वर सांगितलेल्या नकाराधिकाराची किंमतही मोजावी लागते, ती लपवण्यात अर्थ नाही. निर्णयांना वेळ लागतो आणि कधी संधी हुकते. म्हणून तो सरसकट नको. कोणती गाणी अल्बममध्ये घ्यायची, कोणाशी करार करायचा, नाव आणि चित्र कशाच्या जाहिरातीला द्यायचे आणि नवा सभासद घ्यायचा का, एवढ्यापुरता तो ठेवावा. कार्यक्रमाची तारीख, टी-शर्टचा रंग, गाण्यांचा क्रम हे बहुमतावर सोडावे.

बँडमधून कोणी बाहेर पडला तर काय, हे कलम आपल्याकडे कोणीच लिहीत नाही. १ मार्च १९९५ रोजी स्वित्झर्लंडमध्ये लोझान इथे कार्यक्रम चालू असताना बिल बेरीच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. शस्त्रक्रिया होऊन तो बरा झाला, दौरा पुढे चालू राहिला, पण त्याच वर्षी मिल्स आणि स्टाइप यांच्यावरही शस्त्रक्रिया झाल्या. दौऱ्यातल्या ध्वनिचाचण्यांच्या वेळात नवी गाणी मुद्रित करून त्यांनी १९९६चा 'न्यू अ‍ॅडव्हेंचर्स इन हाय-फाय' उभा केला. तयार मंच, लावलेले माइक आणि मोकळा तास हाताशी असताना तो वाया न घालवण्याची ही युक्ती कोणालाही करता येण्याजोगी आहे. वॉर्नरशी नवा, पाच अल्बमचा करार झाला. त्याची रक्कम ८ कोटी डॉलर असल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. आणि १९९७च्या ऑक्टोबरमध्ये बेरी बाहेर पडला. माझ्या जाण्याने बँड मोडणार असेल तर मी जात नाही, असे त्याने सोबत्यांना सांगितले होते. उरलेल्या तिघांनी त्याच्या जागी नवा सभासद घेतला नाही. पगारी ड्रमर घेतले, कधी ड्रम मशीन वापरले. पुढचा 'अप' हा अल्बम करताना मात्र ते तुटायच्या बेतात आले. तेव्हा डाउन्स यांनी तिघांना एकत्र बसवले आणि बोलून प्रश्न सोडवायला लावले.

म्हणून करारनाम्यात चार वाक्ये असावीत. बाहेर पडणाऱ्याचा जुन्या गाण्यांतला वाटा कायम राहील. बँडचे नाव उरलेल्यांकडे राहील. दोघांहून कमी उरले तर नाव कोणीच वापरायचे नाही. आणि निघताना तीन महिन्यांची सूचना देऊन ठरलेले कार्यक्रम पुरे करायचे. ही चार वाक्ये मैत्री पक्की असताना लिहायला दहा मिनिटे लागतात. भांडण झाल्यावर ती लिहून होतच नाहीत.

या बँडचे उत्तरायुष्य सरळ चढत गेले असेही नाही. बेरीनंतर अमेरिकेतली विक्री घसरली. २००४चा 'अराउंड द सन' खुद्द त्यांनाही समाधान देऊन गेला नाही. त्यावर त्यांनी काढलेला मार्ग आमच्या मते त्यांच्या सगळ्या कारकिर्दीतला सर्वांत अनुकरणीय आहे. २००७च्या उन्हाळ्यात डब्लिनच्या ऑलिंपिया थिएटरमध्ये पाच रात्री त्यांनी नवी, अर्धवट गाणी तिकीट काढून आलेल्या श्रोत्यांपुढे वाजवली आणि तसे जाहीर सांगूनच वाजवली. मग स्टुडिओत जाऊन २००८चा 'अ‍ॅक्सिलरेट' झपाट्याने पुरा केला. पुण्यातले बँड नेमके उलट करतात. स्टुडिओत महिने घालवतात, पैसे संपवतात आणि मग पहिल्यांदा गाणे लोकांपुढे नेतात. तिथे कळते की दुसरे कडवे लांबते. गाणे निदान तीनदा श्रोत्यांपुढे वाजवल्याशिवाय मुद्रित करू नये. लोक कुठे मोबाइल काढतात हे ड्रमरने टिपून ठेवावे, कारण मंचावरून समोर बघायला त्यालाच सवड असते.

२०११मध्ये करारातला पाचवा अल्बम झाला आणि २१ सप्टेंबरला आर.ई.एम.ने बँड संपल्याचे जाहीर केले. ३१ वर्षे, १५ अल्बम. कोर्टकज्जे नाहीत, नावावरून भांडण नाही. १३ जून २०२४ रोजी गीतलेखकांच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला, तेव्हा बेरीसह चौघेही एका मंचावर उभे राहून वाजवू शकले ते त्यामुळेच.

आता श्रोत्यांकडे वळतो, कारण लेखातला तो मुद्दा आम्ही नाकारलेला नाही. आर.ई.एम.ला श्रोता मिळवून दिला तो विद्यापीठांच्या रेडिओ केंद्रांनी. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे 'विद्यावाणी' आहे, एफटीआयआय या चित्रपट संस्थेचे रेडिओ केंद्र आहे. कम्युनिटी रेडिओच्या धोरणातच स्थानिक सहभागातून तयार झालेल्या कार्यक्रमांना निम्मी जागा अपेक्षित आहे. आठवड्याला एक तास पुण्यातल्या स्वत:ची गाणी करणाऱ्या बँडना मिळावा, अशी या केंद्रांना आमची विनंती आहे. बँडनीही आपली जबाबदारी ओळखावी. पाठवलेली फाइल प्रसारणाच्या दर्जाची असावी. गाण्याची लांबी, भाषा, गीतकार-संगीतकारांची नावे आणि प्रसारणाची लेखी परवानगी सोबत जोडावी. हे नसेल तर निवेदकाची इच्छा असूनही गाणे लावता येत नाही.

२०१०मध्ये कोरेगाव पार्कात एनएच सेव्हन वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाला तेव्हा या शहरात हजारो लोक असे संगीत ऐकायला उभे राहतात हे दिसले. पण वर्षातून एकदा भरणाऱ्या मोठ्या महोत्सवावर बँड जगत नाही. त्याला दर महिन्याला शंभर-दीडशे माणसांची जागा लागते. अशी छोटी नाट्यगृहे पुण्यात आहेत आणि प्रायोगिक नाटकाने ती जिवंत ठेवली आहेत. तिथे नाटक नसलेल्या संध्याकाळी दोन बँडचा कार्यक्रम ठेवता येईल. सात वाजता सुरू करून साडेनऊला संपवावा. उघड्यावर तर ध्वनिक्षेपकाला दहाची मर्यादा आहेच. दोन्ही बँडनी एकच ड्रमसंच आणि एकच बास अ‍ॅम्प वापरावा, म्हणजे मधली अदलाबदल दहा मिनिटांत होते आणि लोक उठून जात नाहीत.

आणि एक विनंती आपल्याकडेही. नाटकांच्या जाहिराती आणि संगीत सभांच्या सूचना आपल्या वृत्तपत्रात वर्षानुवर्षे येतात आणि वाचक त्या पाहूनच घराबाहेर पडतात. त्याच पानावर दर शुक्रवारी चार ओळींची जागा स्थानिक बँडच्या कार्यक्रमांना द्यावी: बँडचे नाव, ठिकाण, वेळ, तिकिटाची रक्कम आणि गाणी स्वत:ची की दुसऱ्यांची. मजकूर बुधवारी दुपारपर्यंत पोचवायची व्यवस्था बँड आपसांत करतील.

आपले,
पुण्यातील काही वादक, ध्वनिमुद्रक आणि ध्वनिव्यवस्थापक